जाहिरातीचा कागद आणि चित्रपटाचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, सनदा आणि दप्तरे उभी राहतात. ही साधने टिकावीत याच हेतूने निर्माण झालेली असतात. राजाने दिलेले दान पुढील पिढ्यांनी मानावे म्हणून तर ते तांब्यावर कोरले जाते. परंतु याच्या अगदी उलट प्रकारचेही एक साधन आहे. ते आठवडाभर टिकावे एवढीच त्याच्या कर्त्याची अपेक्षा असते. आठवडा संपला की त्यावर दुसरा कागद चिकटवावयाचा किंवा ते वाऱ्यावर सोडून द्यावयाचे, हे त्याचे ठरलेले भवितव्य होय. चित्रपटाचे भित्तिपत्रक, गावातून वाटली जाणारी हस्तपत्रके, गाण्यांची पुस्तिका, नाट्यगृहाच्या दर्शनी भागी लावावयाची छायाचित्रे हे सारे कागद या जातीचे आहेत. ज्या चित्रपटांची ओळख करून देण्यासाठी ते छापले गेले, त्यांपैकी कितीतरी चित्रपट आज नाहीत आणि हे कागद मात्र कोठे कोठे शिल्लक आहेत. या विपरीत घटनेचा अर्थ काय आणि त्यातून आपणा शिक्षकांवर व साहित्यसंस्थांवर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम चित्रपट का नाहीसे झाले हे पाहिले पाहिजे. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपटाची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही असून काळाच्या ओघात आपोआपही कुजतो. प्रथम चिकट होतो, मग त्याचा भुगा होतो. शिवाय फितीवरील थरात चांदी असते. खेळ संपून मागणी उरली नाही म्हणजे जुन्या प्रती त्या चांदीसाठी विकल्या जात. निर्मात्याच्या दृष्टीने ते रास्तच होते, कारण बोलपट आल्यानंतर मूकपट पाहावयास कोणी येईना. आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांपैकी आज सुमारे तीसच उरले आहेत, आणि त्यांतीलही अनेक खंडित स्वरूपात. ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याच्याविषयी जे काही प्रत्यक्ष पाहावयास मिळते ते छायाचित्रे, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि पुस्तिका यांतूनच.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. म्हणजे पहिल्या भारतीय कथापटानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ या वस्तूंना अधिकृत आश्रय नव्हता. पी. के. नायर यांनी तेथे पंचवीसएक वर्षे जो संग्रह उभारला त्याला तोड नाही. फाळके यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन त्यांनी मिळतील ते फितींचे तुकडे जमविले आणि फितींच्या बरोबरीने भित्तिपत्रके, पुस्तिका व छायाचित्रे हीही संग्रहालयात आणली. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील कितीतरी जुन्या प्रती भस्मसात झाल्या. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. एवढ्यावरून दिसून येईल की फीत ही शाश्वत आणि कागद नश्वर, अशी जी आपली समजूत असते ती या क्षेत्रात तरी खरी नाही.

आता या कागदांतून इतिहासाला नेमके काय मिळते ते उदाहरणांनी पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. ही तारीख आपण आज निःशंकपणे सांगतो, ती त्या दिवसाच्या वृत्तपत्रात आलेल्या जाहिरातीच्या आधारे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दाखविला गेला, आणि त्याची ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील २५ मे १९१२ ची जाहिरात आज उपलब्ध आहे. पहिला भारतीय चित्रपट तोरण्यांचा की फाळक्यांचा, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो. एका बाजूचे म्हणणे असे की तारखेने ‘पुंडलिक’ आधीचा. दुसरी बाजू सांगते की ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि ते एका इंग्रज छायाचित्रकाराने केले होते. या वादात आमचे मत काहीही असो, ‘पुंडलिक’ची फीत आज नसताना त्याच्या बाजूने उभा राहणारा मुख्य साक्षीदार म्हणजे जाहिरातीचा तो लहानसा चौकोनच होय.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी त्याच कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी खुला झाला. त्या वेळच्या जाहिरातीत केवळ हरिश्चंद्राची कथा नव्हती. त्याच कार्यक्रमात मिस आयरीन डेल मार यांचे नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांड्रॉफ अशी पाश्चात्त्य मंडळीही होती. सत्त्वधीर राजाची पौराणिक कथा पाहावयास आलेला प्रेक्षक त्याच बैठकीत विलायती कसरतही पाहत होता, ही गोष्ट फितीवरून कधीच कळली नसती. चित्रपट हा त्या काळी स्वतंत्र करमणूक म्हणून उभा राहिलेला नव्हता. तो अद्याप संमिश्र खेळाचा एक भाग होता, असा निष्कर्ष या एका जाहिरातीवरून काढता येतो.

मात्र जाहिरात ही स्तुतिपाठकाची वाणी असते, हे विसरून चालणार नाही. बखरीप्रमाणे तिचीही छाननी करावी लागते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या सुरतेतील खेळांच्या वेळी दिलेली म्हणून सांगितली जाणारी जाहिरात प्रसिद्ध आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि मोल अवघे तीन आणे, असा तिचा आशय. आम्ही हे उदाहरण वरच्या वर्गातील मुलांना गणित म्हणून घालीत असतो. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे एकूण चित्रे सुमारे ५९,२०० झाली. तेव्हा सत्तावन्न हजारांचा आकडा जवळजवळ खरा, किंबहुना थोडा कमीच. परंतु ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. दोन मैल ही शुद्ध अतिशयोक्ती. एकाच वाक्यसमूहात एक विधान प्रामाणिक आणि शेजारचे विधान फुगविलेले, असा हा प्रकार आहे. साधन खोटे ठरले म्हणून ते टाकून द्यावयाचे नसते. कोणता अंश खरा व कोणता खोटा हे पाहावयाचे असते, आणि खोटा अंश का बोलला गेला हेही पाहावयाचे असते. येथे उत्तर सोपे आहे. रात्रभर चालणारी नाटके पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला दीड तासाचा खेळ आखूड वाटे. त्याची समजूत मैलांनी घालावी लागली.

या कागदांच्या कुळाचाही थोडा विचार करण्याजोगा आहे. फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे वडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले; रविवर्म्याच्या शिळाछाप छापखान्याशी त्यांचा संबंध आला आणि पुढे त्यांनी स्वतःचाही छापखाना चालविला. चित्रपटाच्या जनकाची पहिली ओळख छपाईच्या शाईशी होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे कलावंत. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत, आणि कथेची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी १९२१-२२ च्या सुमारासच प्रेक्षकांत वाटल्या. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुने समजले जाते. उलट, ज्याला समीक्षक भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानतात तो त्यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) मूळ मूक स्वरूपात आज पाहावयास मिळत नाही.

पुढे ही परंपरा अनेक हातांनी चालविली. कोल्हापूरचे जी. कांबळे यांच्या कुंचल्याने मोठमोठे फलक सजले. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित यांनी मुंबईत येऊन चित्रपटांच्या जाहिरातींना तैलचित्राचे वैभव दिले. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवर चित्रपटांचे फलक रंगविले. कोल्हापूर, वडोदे, गुलबर्गा, इंदूर ही नावे आम्ही मुद्दाम एकत्र घेत आहोत. चित्रपट मुंबई-पुण्याचा, अशी जी आपली समजूत झाली आहे ती प्रसिद्धीच्या कागदांच्या बाबतीत तरी अपुरी आहे. १९९० नंतर संगणकावर छापलेले फलक आले आणि हाताने रंगविण्याची ही विद्या मागे पडली.

गाण्यांच्या पुस्तिकेचे मूळ आम्हांस आपल्या संगीत नाटकात दिसते. नाटकातील पदांची छोटी पुस्तके नाट्यगृहात विकत मिळत. प्रेक्षक ती घरी नेऊन पदे पाठ करीत. बोलपटाबरोबर हीच चाल पडद्याकडे आली. आणा-दोन आण्यांच्या या पुस्तिकेत मुखपृष्ठावर रंगीत चित्र, आत कलावंतांची व तंत्रज्ञांची नामावली, मग कथासार आणि शेवटी गाणी असत. कथासार अर्ध्यावर आणून, पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा, असे सांगण्याची पद्धत होती. हिंदी बोलपटांच्या पुस्तिकांत तोच मजकूर देवनागरी, उर्दू, गुजराती आणि इंग्रजी अशा दोन-तीन लिप्यांत आढळतो. या क्षुद्र वाटणाऱ्या पुस्तिकांवर केवढे काम उभे राहू शकते याचे उदाहरण म्हणजे कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी १९८० पासून प्रसिद्ध केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ होय. ज्या बोलपटांच्या फितीही नाहीत आणि ध्वनिमुद्रिकाही नाहीत त्यांच्या गाण्यांची नोंद अशा पुस्तिकांमुळेच शक्य होते. येथेही सावधगिरी हवीच. जुन्या पुस्तिकांत पार्श्वगायकांची नावे बहुधा नसतात, आणि पुस्तिकेत छापलेले एखादे गाणे ऐन वेळी चित्रपटातून गळालेलेही असते. परंतु नाव नसणे हादेखील पुरावाच आहे. त्या काळी गाणाऱ्याला काय स्थान होते ते त्या रिकाम्या जागेवरून कळते.

आमच्या मते या कागदांचा सर्वांत मोलाचा भाग कोणता, हे आता सांगावयाचे आहे. भित्तिपत्रक मुंबईस किंवा कोल्हापुरास छापले जाई, पण ते गावोगाव जावयाचे असे. म्हणून त्याच्या तळाशी कोरी जागा ठेवीत, किंवा गावातील छापखान्यात वेगळी पट्टी छापून ती खाली चिकटवीत. त्या पट्टीवर त्या गावच्या चित्रपटगृहाचे वा तंबूचे नाव, खेळांच्या वेळा, तिकिटांचे दर, स्त्रियांसाठी निराळी सोय असल्यास तिचा उल्लेख असे. हस्तपत्रक तर बहुधा संपूर्णपणे स्थानिक छापखान्याचे असे. फलक बांधलेला टांगा वाद्ये वाजवीत निघाला की मुले ती पत्रके गोळा करीत त्याच्यामागे धावत. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व स्थळ देणे आवश्यक होते. त्यामुळे तळाच्या बारीक ओळीत छापखान्याचेही नाव सापडते. मराठी बोलपट महाराष्ट्राबाहेर कोणत्या गावी, किती दिवस आणि कोणत्या लिपीत जाहिरात करून चालला, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्या फितीत नाही. ते या पट्टीत आणि या बारीक ओळीत आहे. सीमाभागातील, माळव्यातील वा गुजरातेतील मराठी समाजाच्या सांस्कृतिक जीवनाचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे त्याने नटीच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या पायाशी असलेला मजकूर आधी वाचावा.

दुर्दैवाने आजच्या संग्रहाची दृष्टी नेमकी उलट आहे. जुन्या भित्तिपत्रकांना आता किंमत आली आहे. मुंबईच्या चोरबाजारात त्यांचा व्यापार चालतो. मोठ्या शहरांत लिलाव होतात. किंमत ठरते ती नटाच्या नावावर, चित्रकाराच्या सहीवर आणि कागदाच्या टापटिपीवर. तेव्हा चौकटीत बसावे म्हणून खालची पट्टी कापून टाकतात. घडीच्या रेघा झाकतात. मागील बाजूस कोणी काही लिहिले असेल तर त्यावर पुठ्ठा चिकटवितात. कागद वाचतो, पण साधन मरते. शिवाय किमतीमागून नक्कल येते. शिळाछाप काळातील म्हणून विकला जाणारा कागद भिंगाखाली धरावा; खडूच्या रेघांची अनियमित कणीदार पोत दिसली तर विचार करावा, आणि सर्वत्र एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मूळ प्रतीच्या छायाचित्रावरून अलीकडे छापलेले आहे असे बहुधा समजावे.

व्यापाऱ्यांना दोष देण्यापूर्वी आम्ही आपला दोष सांगणे उचित होय. सीमाभागातील एका शाळेत आम्ही मुख्याध्यापकपदाची सूत्रे नुकतीच घेतली होती. ग्रंथालयाच्या मागील खोलीत एका दिवंगत शिक्षकांनी शाळेला दिलेली पत्र्याची पेटी होती. आम्ही ती उघडून पाहिली. आत सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि पिवळी पडलेली पत्रके दोऱ्याने बांधून ठेवली होती. प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष लिहिले होते. शाळेला खोली हवी होती आणि सिनेमाची गाणी शाळेत कशाला, असा विचार आमच्या मनात आला. रद्दीच्या यादीवर आम्हीच सही केली. सात-आठ वर्षांनी विद्यापीठात संशोधन करणारी एक विद्यार्थिनी त्याच शिक्षकांच्या संग्रहाचा शोध घेत आमच्या दारी आली. तिला दाखविण्यासाठी आमच्याजवळ दोनच वस्तू होत्या. एक, प्रभातच्या ‘माणूस’ची (१९३९) पुस्तिका, ती कोणा मुलाने भूगोलाच्या वहीला घातलेल्या कव्हरात सापडली. दुसरे एक हस्तपत्रक. त्याचा वरचा, चित्रपटाच्या नावाचा भाग फाटलेला, आणि खाली खेळाच्या वेळा मराठीत व कानडीत शेजारी शेजारी छापलेल्या. ती मुलगी त्या फाटक्या कागदाकडेच अधिक वेळ पाहत राहिली. आमच्याच गावात एका संध्याकाळी एकाच पडद्यापुढे दोन्ही भाषांचे लोक बसले होते, असे तो कागद सांगत होता. त्या गठ्ठ्यांवर वर्षे लिहिणाऱ्या शिक्षकांना हे कळले होते. ज्याने इतिहास घेऊन पदवी मिळविली त्या आम्हांला ते कळले नव्हते.

इतिहासाचार्य राजवाडे वाड्यांच्या माळ्यावरून आणि अडगळीतून कागद गोळा करीत हिंडले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. त्या वेळीही रोजकीर्दी, जमाखर्च आणि खासगी पत्रे यांना इतिहास मानावयास पुष्कळ जण तयार नव्हते. विसाव्या शतकातील मराठी माणूस काय पाहत होता, कशाला हसत होता आणि त्यासाठी किती आणे मोजीत होता, याच्या रोजकीर्दी म्हणजे हे जाहिरातीचे कागद होत.

काय करावे, याविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. संग्रहाला पैसा लागतोच असे नाही. शिस्त मात्र लागते. कागद हाती आला की तो कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कशाबरोबर सापडला हे प्रथम वहीत लिहावे; ही नोंद नसेल तर त्याचे अर्धे मोल गेले असे समजावे. पुढची व मागची अशा दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण तापवून बसवू नये, कडा कापू नयेत. अम्लरहित कागदाच्या घड्यांत तो सपाट ठेवावा, ऊन आणि ओल यांपासून जपावा. पट्टी, शिक्का, तळाची ओळ यांची अक्षरशः नक्कल उतरवून घ्यावी. आमच्या अकादमीच्या प्रत्येक केंद्राने आपापल्या गावच्या चित्रपटगृहांची व छापखान्यांची एक यादी केली आणि घरोघरच्या पेट्यांतील असे कागद पाहून परत देण्याची हमी दिली, तर दहा वर्षांत मराठी करमणुकीच्या इतिहासाचा एक नवा खंड तयार होईल. मूळ कागद मालकाकडेच राहो. नोंद सर्वांची व्हावी.

आमच्या शाळेत ती खोली आता रिकामी करून घेतली आहे. दरवाजाजवळच्या कपाटात त्या दोन वस्तू ठेवल्या आहेत, आणि रद्दीच्या यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक गठ्ठा सोडून पाहण्याचा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे.